तिघे निघाले, कुणीच आलं नाही

१

मेहकरहून चिखलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गाव संपता संपता, एका धर्मादाय संस्थेचं वीस खाटांचं अपघात केंद्र आहे. जानेवारीतल्या एका बुधवारी दुपारी दोन वाजून एकतीस मिनिटांनी तिथे रुग्णवाहिका येऊन थांबली आणि ज्यांनी धावून यायचं त्यांतला एकही माणूस आला नाही.

गाडीत उंद्रीचे पंजाबराव होते. तुरीची ट्रॉली बाजार समितीत नेताना वळणावर उलटली आणि त्यांचा डावा पाय खाली सापडला. रक्त थांबत नव्हतं. चालक फारुखने दोन वाजून दहा मिनिटांनी गाडी हलल्याबरोबर मोबाइलवरच्या ‘सज्ज’ ॲपमधलं लाल बटण दाबलं होतं.

‘सज्ज’ हे संस्थेने दीड वर्षापूर्वी घेतलेलं ॲप. लाल बटण दाबलं की डॉक्टर, सिस्टर आणि रक्तसाठ्याच्या खोलीतला तंत्रज्ञ, तिघांचे फोन एकदम ठणाणा करतात. ज्याने त्याने आपल्या फोनवर हिरवं ‘निघालो’ दाबायचं. मग फोन गप्प बसतो आणि चालकाला गाडीत दिसतं की कोण कोण निघालं. रोगी दारात पोचेपर्यंत तिघे हजर, रक्त बाहेर काढलेलं, टेबल तयार. कल्पना अशी झकास की नाव ठेवायला जागा नाही.

त्या बुधवारी फारुखला सोळा सेकंदांत तीन हिरव्या खुणा दिसल्या. दारात मात्र तिघांपैकी एकाचाही पत्ता नव्हता. सिस्टर सहा मिनिटांनी सापडली, डॉक्टर अकराव्या मिनिटाला आले, रक्ताच्या खोलीचं कुलूप चौदाव्या मिनिटाला उघडलं. पंजाबरावांचा जीव वाचला. पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

शुक्रवारी सकाळी संस्थेचे सचिव ज्ञानेश्वरराव यांच्यासमोर चौकशीसाठी बोलावलेल्या जयमाला वायाळ बसल्या होत्या. जयमालाबाईंनी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत काढली होती, शेवटची नऊ मेट्रन म्हणून. आता वय एकसष्ट, गुडघे कुरकुरणारे, आणि पदराला उलटं टाचलेलं नर्सचं घड्याळ अजून तसंच. खोड एकच होती. रोग्याच्या तक्त्यावर एक आकडा जागा सोडून बसलेला दिसला तरी त्यांना घास गोड लागत नसे.

“बाई, तुम्ही फक्त अहवाल लिहून द्या,” ज्ञानेश्वरराव म्हणाले. “नियमानं बाकीच्यायले गोळा करनं सिस्टरचं काम हाय. नसीमा सिस्टर ड्यूटीवर होती. तिनं ‘निघाले’ म्हनून दाबलं आन आली नाही. निलंबनाचं पत्र तयार हाय. उद्या बाराले बैठक, तिथं सही होईल. नर्सिंग परिषदेलेबी कळवा लागते.”

म्हणजे नोकरी तर जाणारच, वर पुन्हा कुठे नर्स म्हणून उभं राहता येईल याचीही खात्री नाही.

“डॉक्टर काय म्हणतात?”

“त्याइले फोन आलाच नाही म्हनतात.”

“आन सिस्टर?”

“तेबी तेच म्हनते.”

“मग डॉक्टरचं खरं आन सिस्टरचं खोटं, हे कसं ठरलं?”

ज्ञानेश्वररावांनी चष्मा पुसायला घेतला. मेहकरला सिस्टर मिळतात, डॉक्टर मिळता मिळत नाहीत. पण हे उत्तर तोंडाने देण्यासारखं नव्हतं. त्यांच्या मागे भिंतीवर काचेत मढवलेलं प्रमाणपत्र होतं: ‘प्रतिसादात जिल्ह्यात प्रथम. सरासरी सात सेकंद.’

जयमालाबाईंनी ॲपच्या नोंदींचे छापील कागद मागून घेतले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून बोट फिरवत वाचायला सुरुवात केली. पोळ्याआधी तिघांचं उत्तर यायला कधी चाळीस सेकंद लागत, कधी पासष्ट. कधी डॉक्टर आधी, कधी सिस्टर. पोळ्यानंतर मात्र जादू झाली. सत्त्याऐंशी वेळा लाल बटण दाबलं गेलं आणि सत्त्याऐंशीही वेळा तिघांनी नऊ सेकंदांच्या आत उत्तर दिलं. तेही एकाच रांगेत. डॉक्टर, सिस्टर, धम्मरत्न. डॉक्टर, सिस्टर, धम्मरत्न. कधी फरक म्हणून नाही.

आणि अठ्ठ्याऐंशीवी वेळ, म्हणजे परवाचा बुधवार. धम्मरत्न, सिस्टर, डॉक्टर. सोळा सेकंद.

जयमालाबाईंनी कागद मांडीवर ठेवला. पाच महिने ही तीन माणसं एका रांगेत निघत होती आणि वेळेवर पोचत होती. ज्या दिवशी रांग उलटली, त्याच दिवशी कुणी पोचलं नाही.

२

नसीमा सिस्टर स्त्रियांच्या वॉर्डात पट्टी बदलत होती. पस्तिशीची, हलक्या हाताची. पट्टीचं शेवटचं टोक चिकटवेपर्यंत तिने मान वर केली नाही. जयमालाबाईंना ते आवडलं.

“बुधवारी दोन वाजून दहा मिनिटांनी कुठं होतीस?”

“इथंच, बाई. खाट नंबर चारची पट्टी करत होते. फोन ॲप्रनच्या खिशात होता. अल्ला कसम, कोनाचाच फोन आला नाही.” ती थोडं थांबली. “लोक म्हनून राह्यले का मी नमाज पढाले गेलती. माही नमाज दीडलेच झालती. आन मी नमाजले बसते तवा फोन वंदनाजवळ देऊन जाते, हे सगळ्याइले ठाव हाय.”

“मग तुझ्या नावानं हिरवं कुणी दाबलं?”

नसीमाने कात्री ट्रेमध्ये ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. “मले नाही ठाव.”

माहीत नसणारा माणूस इतक्या वेळा कात्री उचलत नाही, असं जयमालाबाईंना वाटलं.

डॉक्टर गजेंद्र म्हस्के आवाराच्या पलीकडच्या क्वार्टरमध्ये राहत. तरुण, हुशार, आणि अपराधाने काळवंडलेला चेहरा. “मी जेवत होतो, मॅडम. फोन ताटाशेजारी होता. फारुखचा फोन आला तेव्हा मला कळलं की पेशंट दारात आहे. लवकर कळलं असतं तर पाय वाचला असता का, ते मला सांगता येत नाही. वाचला असता असंही म्हणवत नाही, नसता असंही म्हणवत नाही. झोप लागत नाही त्यामुळे.”

“एक करा. माझ्यासमोर ॲपमध्ये पुन्हा शिरून दाखवा.”

डॉक्टरांनी ॲप बंद केलं, उघडलं, आणि चार आकड्यांच्या गुप्त क्रमांकाशी येऊन अडले. दोनदा चुकले. “हे सगळं वंदनाच लावून देते,” ते ओशाळून म्हणाले.

धम्मरत्न रक्ताच्या खोलीत काचेच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावत होता. प्रश्न विचारायच्या आतच त्याने सांगून टाकलं, “मलेबी फोन आला नाही, बाई.”

“बघू तो फोन.”

त्याने खिशातून फोन काढला. काच नवी कोरी, कोपऱ्यावरचं पातळ प्लास्टिक अजून निघायचं होतं. मागच्या कव्हरमध्ये दुकानाची चिठ्ठी तशीच अडकलेली: काच बदलली, जमा सोमवार, परत गुरुवार.

“धम्मरत्न, बुधवारी तुझा फोन मेहकरच्या दुकानात होता.”

त्याचा चेहरा पडला. “सांगतलं असतं तर म्हनले असते, ड्यूटीवर बिना फोनचा कसा काय? म्या वंदनाताईले सांगून ठेवलं होतं, लागलं तर आवाज दे म्हनून.”

“ते राहू दे. तुझा फोन दुकानात, आन तुझं हिरवं सात सेकंदात. ते काय दुकानदारानं दाबलं?”

धम्मरत्न कव्हरमधली चिठ्ठी काढू लागला. पण जयमालाबाईंना त्याच्या उत्तराची गरज उरली नव्हती. त्या बुधवारी हिरवं बटण त्या तिघांच्या फोनवर दाबलंच गेलं नव्हतं. कुणा दुसऱ्याच्याच हाताने, दुसरीकडूनच दाबलं गेलं होतं.

३

काउंटरवर वंदना बसे. नोंदणी, फोन आणि ‘सज्ज’चा टॅब तिच्याकडे. टॅबच्या पडद्यावर तिघांचे फोटो एका रांगेत होते: आधी डॉक्टर, मग सिस्टर, मग धम्मरत्न. प्रत्येकाखाली एक गोल.

“हे फोटो कशाले, वंदना?”

“नुसतं पाहाले, बाई. कोन निघालं, कोन नाही.”

“बुधवारी इथं तूच होती?”

“हो. म्हंजे, दोन ते अडीच जेवाले मागच्या खोलीत, त्या दिवशी याले जरा उशीरच झाला. नव्या वर्षापासून काउंटरवर डबा उघडाची मनाई हाय, साहेबांचा कागद निघाला.”

“मग त्या अर्ध्या तासात इथं कोण बसतं?”

“कोनीच नाही,” वंदना म्हणाली, जरा जास्तच चटकन.

तेवढ्यात चहा आला. चहा आणणारी अंबूबाई म्हणजे केंद्रातली सर्वांत जुनी बाई. इमारतीचा पाया खोदला तेव्हा डोक्यावर माती वाहिलेली, पुढे झाडलोट करायला इथेच राहिलेली. लिहिता-वाचता येत नाही, पण कोणत्या खाटेवरचा माणूस उपाशी आहे ते न सांगता कळतं. तिने जयमालाबाईंपुढे कप अलगद ठेवला, बशीत दोन बिस्किटं. वंदनाचा कप तसाच अलगद. डॉक्टर औषधाची यादी द्यायला आले होते, त्यांच्यापुढचा कप मात्र असा आदळला की निम्मा चहा बशीत आला. अंबूबाई कुणाकडे न बघता निघून गेली.

“हिला काय झालं?” जयमालाबाईंनी विचारलं.

“बुधवारपासून अशीच आहे,” डॉक्टर म्हणाले. “माझ्याशी बोलत नाही, सिस्टरशी नाही, धम्मरत्नाशी नाही. विचारलं तर तोंड फिरवते.”

जयमालाबाईंनी बिस्किट चहात बुडवलं आणि विचारात ते विरघळून जाऊ दिलं. तिघांशी अबोला. नेमक्या त्याच तिघांशी. आणि जिने तो धरला होता तिला दोन दिवसांत एकानेही एक प्रश्न विचारलेला नव्हता. झाडूवाल्या बाईला ॲपबद्दल काय विचारायचं!

दुपारी त्या पंजाबरावांच्या खाटेशी जाऊन बसल्या. साठीचा गडी, चादरीखाली एका बाजूला सपाट. बोलायला मात्र खणखणीत.

“गाडीतून काढलं तवा मले शुद्ध होती, बाई. त्या चालकानं आन एका मावशीनं मले आत घेतलं. बाकी कोनीबी नव्हतं. मावशीनं माहा हात धरला तो सोडलाच नाही. म्हने, भेऊ नका दादा, येतीलच आता, म्या तिघायलेबी हाक देली हाय.”

जयमालाबाईंचा हात पदरावरच्या घड्याळाकडे गेला. “काय म्हणाली? पुन्हा सांगा.”

“तिघायलेबी हाक देली हाय. दोनदा म्हनली. मंग तो चालकच उठला आन सिस्टरले हुडकाले धावला.”

४

फारुख गाडी धूत होता. जयमालाबाईंनी त्याला एकच विचारलं: गाडीतून त्याने कुणाला फोन का केला नाही?

त्याने पाइप खाली टाकला. “हेच तर मले खाऊन राह्यलं, बाई. पयले मी सगळ्याइले फोन लावत होतो. आता हिरवं दिसलं का लावत नाही. हिरवं म्हंजे मानूस निघाला, असंच शिकवलं ना आमाले?”

“आणि ॲपच्या पयले कसं व्हायचं?”

“पयले टोल होता.” त्याने पोर्चच्या कडीकडे बोट दाखवलं. कडी रिकामी होती. “आगगाडीच्या रुळाचा तुकडा टांगेल होता. आमी रस्त्यावरून फोन केला का अंबूमावशी हातोड्यानं टोल द्याची. मंग जे दार बंद दिसलं ते ठोकत सुटाची. म्हातारी काय पळे, बाई! ॲप आलं आन टोल निघाला. साहेब म्हने, शोभत नाही.”

जयमालाबाई पोर्चमध्ये जाऊन त्या रिकाम्या कडीखाली उभ्या राहिल्या. घड्याळ बघून चालायला लागल्या. सहा पावलांवर उजव्या हाताला पहिलं दार: रक्ताची खोली, धम्मरत्न. तसंच पुढे व्हरांडा संपतो तिथे स्त्रियांचा वॉर्ड: नसीमा. आणि तिथून पायऱ्या उतरून आवार ओलांडलं की क्वार्टर: डॉक्टर.

धम्मरत्न, सिस्टर, डॉक्टर.

आवाराच्या मधोमध त्या थांबल्या. एरवीची सत्त्याऐंशी वेळची रांग मानाची होती, मोठा साहेब आधी. टॅबवरचे फोटो त्याच क्रमाने, वंदनाचं बोट त्याच क्रमाने. बुधवारची रांग मानाची नव्हती, वाटेची होती. जिचे पाय वर्षानुवर्षं हीच वाट धावले होते, तिचं बोटही काचेवर त्याच वाटेने धावलं. फोटो शोधत शोधत, एकेकाला चार-पाच सेकंद घेत.

कोडं सुटल्याचा आनंद जयमालाबाईंना क्षणभर झाला, नाही असं नाही. पण पाठोपाठ दुसराच विचार आला आणि त्यांना आवारातल्या उन्हातही बरं वाटेना. हे नाव उद्या बैठकीत घेतलं की सगळे सुटकेचा श्वास सोडतील. सिस्टरच्या जागी एक अडाणी म्हातारी. वाघाऐवजी शेळी मारली की काम सोपं.

संध्याकाळी घरी निघालेल्या नसीमाला त्यांनी फाटकाशी गाठलं.

“तुला ठाऊक होतं.”

नसीमाने मान डोलावली. मग म्हणाली, “अंदाज होता, बाई. दोन ते अडीच तिले तिथं बसलेली म्या पाह्यली होती. पन तिचं नाव घेतलं असतं तर सगळं तिच्यावरच ढकललं असतं. ते बिचारी तर आमाले बोलावून राह्यली होती.”

“आणि तुझी नोकरी?”

“अल्ला मालिक,” नसीमा म्हणाली. पण तिचे डोळे भरून आले होते.

५

शनिवारी अकराला जयमालाबाईंनी सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावलं. ज्ञानेश्वरराव निलंबनाचं पत्र घेऊनच आले होते. टेबलावर जयमालाबाईंनी तिघांचे फोन ओळीने मांडायला लावले. दार उघडं ठेवलं, म्हणजे समोरचा काउंटर दिसत होता. काउंटरवर त्यांनी अंबूबाईला बसवलं होतं.

“मी काही सांगत नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्हीच बघा.”

त्यांनी खिडकीतून हात हलवला. आवारात गाडीत बसलेल्या फारुखने सरावाचं लाल बटण दाबलं आणि तिन्ही फोन एकदम ठणाणा करू लागले. काउंटरवरचा टॅबही वाजला. अंबूबाई उठली. पदराला हात पुसले. डोळे बारीक करून तिने काचेवर बोट ठेवलं.

धम्मरत्नाचा फोन गप्प झाला.

चार सेकंदांनी नसीमाचा.

मग, थोडं शोधून, डॉक्टरांचा.

काउंटरवरून अंबूबाईचा समाधानाचा आवाज आला, “देली हाक! तिघायलेबी देली!”

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“तिला वाटतं की हिरवं दाबलं म्हणजे माणसाला बोलावलं,” जयमालाबाई हळू म्हणाल्या. “खरं म्हणजे माणूस निघाला असं ॲपला वाटतं आणि ते त्याचा फोन बंद करतं. बुधवारी तिने तुम्हाला तीन हाका दिल्या आणि तिन्ही हाकांनी तुमचेच फोन मुके केले. तुम्ही ऐकूनही आला नाहीत म्हणून ती तुमच्यावर रागावली आहे. आता वंदना, तू बोल.”

वंदना मघापासूनच रडत होती. “साहेबांचा कागद आला होता पोळ्याले, दहा सेकंदाच्या आत उत्तर पाहिजे म्हनून. कोन कुठं असते, हात रिकामा असते का? सिस्टरच्या हातात इंजेक्शन, डॉक्टर बाथरूममधी. मंग म्या तिघायचे गुप्त नंबर घेतले आन टॅबवर घातले. वाजलं का मीच हिरवं करत होती, आन लगेच एकेकाले फोन लावत होती. पाच महिने एकबार बी चुकली नाही, बाई.”

“मस्टरवर दुसऱ्याची सही मारावी तसं,” जयमालाबाई म्हणाल्या. “पण माणूस खरोखर यावा म्हणून मागून फोन करायचीस. मग बुधवारी?”

“डबा मागं खायाचा कागद निघाला. म्या अंबूमावशीले बसवलं. सांगतलं, वाजलं तर तिघायले हिरवं कर. मागाऊन फोन करा लागते, हे... हे सांगाचंच राह्यलं.” ती हुंदक्यांनी थांबली. “हिरवं काऊन कराचं हेबी नाही सांगतलं.”

“मी माझा नंबर खुशीने दिला होता,” डॉक्टर म्हणाले. “कटकट मिटली म्हणून. बुधवारीही फोन क्षणभर वाजून गप्प झाला, पण मागून वंदनाचा फोन आला नाही, म्हणून सराव असेल समजून मी जेवत राहिलो. हे लिहा, मॅडम.”

“माहाबी लिहा,” धम्मरत्न म्हणाला.

“आन माहा,” नसीमा म्हणाली. “नंबर म्याबी देल्ला होता.”

ज्ञानेश्वररावांनी सुस्कारा सोडला. “म्हंजे चूक त्या अंबूबाईची झाली तर.”

जयमालाबाईंनी पर्समधून दोन कागद काढून त्यांच्यापुढे सरकवले. एक दहा सेकंदांचा, एक डब्याचा. दोन्हींखाली एकच सही होती.

“यात सात जण आहेत, साहेब,” त्या म्हणाल्या. “तिघांनी आपला नंबर वाटला. चौथीने अर्धंच शिकवलं. पाचवा फोन करायचं सोडून हिरव्यावर विसंबला, तो फारुख. सहाव्याला जिल्ह्यात पहिला नंबर पाहिजे होता. सांगितलेलं काम जसंच्या तसं करणारी सातवी एकटीच होती. निलंबन करायचं तर सुरुवात कुठून करता?”

ज्ञानेश्वररावांनी आपल्याच सहीवरून बोट फिरवलं. मग त्यांनी नसीमाचं पत्र उभं फाडलं, आडवं फाडलं, आणि तुकडे कुठे टाकावे ते न कळून खिशात घातले.

नसीमा भिंतीला टेकून खाली बसली आणि मोकळेपणाने रडली. आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की दारात अंबूबाई उभी आहे. ती किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

“बाई,” ती जयमालाबाईंना म्हणाली, “म्हंजे म्या बोट लावलं म्हनून त्या दादाचा पाय गेला का?”

हे तिला आधी एकटीला बसवून सांगायला हवं होतं. कोडं सुटल्याच्या नादात आपण ते केलं नाही, याची जयमालाबाईंना लाज वाटली. खोटं बोलून समजूत घालणं सोपं होतं. चौतीस वर्षांत त्यांनी ते रोग्यांशी केलं नव्हतं.

“पाय कशाने गेला ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही, अंबूबाई. पण त्या दिवशी उशीर झाला तो आम्हा सगळ्यांमुळे. बोट तुमचं लागलं, कारण तिथं तुम्हाला आम्ही बसवलं आणि काय करताय ते सांगितलं नाही. दोन दिवस सगळे मला सांगत होते, पण तुम्हाला एकानेही विचारलं नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.”

“सांगतलं असतं ना,” अंबूबाई म्हणाली. “मले वाटलं, हे ऐकूनशान बी आले नाहीत.” तिने पदर तोंडाला लावला आणि नसीमाशेजारी जमिनीवर बसली. नसीमाने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

६

जयमालाबाईंनी अहवालाबरोबर एक अट घातली होती: खरं काय झालं ते पंजाबरावांना सचिवांनी स्वतः जाऊन सांगायचं. ज्ञानेश्वरराव गेले. खाटेशी उभं राहून, अडखळत, कागदांसकट सगळं सांगितलं.

पंजाबरावांनी ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, “सात सेकंद काय कराचे होते तुमाले, साहेब? मले तर वळणापासून इथवर याले एकवीस मिनिटं लागले.”

पंजाबराव भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “तुमचं काय कराचं ते माहा पोरगा पाहील. त्या मावशीले मात्र इकडं पाठवा. तिनं माहा हात धरला होता.”

महिन्याभराने जयमालाबाई पुन्हा त्या रस्त्याने गेल्या, तेव्हा मुद्दाम आत वळल्या. टॅबवर आता नुसतं बघता येत होतं. हिरवं ज्याचं त्याच्याच फोनवर दाबलं जाई. वंदना काउंटरवर डबा खात होती. सचिवांच्या खोलीतल्या भिंतीवर प्रमाणपत्राची चौकोनी फिकट जागा तेवढी उरली होती. पोर्चच्या कडीला रुळाचा तुकडा पुन्हा टांगला होता.

त्या चहाला बसल्या आणि टॅब वाजला. फारुख निघाला होता, मोटारसायकलचा अपघात. वंदनाने डबा बाजूला सारला आणि फोन उचलला. अंबूबाई टॅबकडे ढुंकूनही न बघता पोर्चमध्ये गेली, हातोडा उचलला आणि टोल दिला. ठण, ठण, ठण. मग म्हातारी व्हरांड्यातून दारं ठोकत सुटली.

पडद्यावर एकेक गोल हिरवा होत गेला. आधी नसीमा. बऱ्याच वेळाने डॉक्टर. मग धम्मरत्न. सरासरी त्रेचाळीस सेकंद.

“बाई, आता आपला नंबर जिल्ह्यात शेवटून दुसरा हाय,” वंदना फोन कानाला लावूनच म्हणाली.

जयमालाबाई दारात आल्या. धम्मरत्न रक्ताचा डबा घेऊन उभा होता. नसीमा हातमोजे चढवत होती. डॉक्टर आवार ओलांडून पळत आले, उजव्या हाताला वरणभात तसाच. अंबूबाई धापा टाकत परत आली, टोलाखाली उभी राहिली आणि बोट उचलून एकेकाला मोजू लागली. हिरव्यावर तिचा आता विश्वास उरला नव्हता.

“एक. दोन. तीन,” तिने मोजलं आणि हातोडा खाली ठेवला. जयमालाबाईंनी घड्याळ पाहिलं. गाडी यायला अजून चौदा मिनिटं होती.